पात्र रडतं, वाचक कोरडाच राहतो

'तिच्या काळजात चर्र झालं. डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. आपलं सगळं जगच हरवलंय असं तिला वाटलं.'

अशी वाक्यं एकामागून एक आली की माझं कथेवरचं मन उडतं. लिहिणाऱ्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, लिहिताना त्याचेही डोळे भरले असतील. पण माझ्यापर्यंत पोचते ती फक्त बातमी, की बाई दुःखी आहे. ते दुःख मला होत नाही.

आपल्याकडे हे फार पूर्वी सांगून झालंय. 11व्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात रसदोषांची, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुकांची, यादी दिली, तिची सुरुवातच यानं होते: भाव किंवा रस त्याच्या नावानं सांगून टाकणं. शोक दाखवायचा तर 'शोक' म्हणून भागत नाही. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतमुनींच्या सूत्रातही रस, म्हणजे वाचकाला येणारा भावनेचा अनुभव, निर्माण होतो तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र येऊन. म्हणजे भावनेचं कारण, तिची बाहेर दिसणारी खूण, आणि मधेच येऊन जाणारे छोटे भाव. हे तिन्ही वाचकासमोर ठेवले की शोक त्याच्या आत आपोआप उभा राहतो.

समजा, एका बाईचा नवरा वारला आहे. काही दिवसांनी चष्म्याच्या दुकानातून फोन येतो, साहेबांचा चष्मा तयार आहे. ती जाते, उरलेले पैसे देते. दुकानातला नवा मुलगा सवयीनं म्हणतो, 'एकदा घालून बघा, नंबर बरोबर आहे ना.' ती चष्मा घालते. समोरचं सगळं धूसर होतं. ती म्हणते, 'बरोबर आहे.'

इथे थांबायचं. पुढे 'आणि तिला हुंदका फुटला' असं लिहिलंत, की वाचकाच्या वाट्याचं काम पात्रानंच उरकलं. त्याला करायला काही उरत नाही.

पण खरी मेहनत या प्रसंगात नाहीच, ती आधीच्या पानांत आहे. जुन्या चष्म्याची काडी मोडलेली, ती दोऱ्यानं बांधलेली. 'अहो, आता तरी नवा करा' म्हणून तिची भुणभुण, त्याचं 'बघू पुढच्या महिन्यात'. एकदा त्यावरून झालेलं खरंखुरं भांडण. शेवटी ती त्याला ओढत दुकानात घेऊन जाते, आणि फ्रेम निवडताना दोघं हसतात. हे सगळं वाचकानं सहज वाचलेलं असावं, पुढे याचं काही होणार आहे असा सुगावाही न लागता. मग दुकानातल्या त्या दोन शब्दांना वजन येतं. ही पेरणी नसेल तर तो प्रसंग नुसती चलाखी ठरतो.

भरतमुनींनी व्यभिचारी भाव 33 सांगितले. त्यांत श्रम आहे, आळस आहे, झोप आहे, असूयाही आहे. मला हे विलक्षण वाटतं. दुःखातल्या माणसाला भूक लागते, झोप येते, भेटायला आलेल्या जोडप्याचा हेवा वाटतो, आणि त्याची लाजही वाटते. नुसतं शुद्ध दुःख लिहिणाऱ्याचं पात्र खोटं वाटतं ते यामुळेच. त्या बाईला दुकानात क्षणभर त्याचा राग आला पाहिजे: वेळेवर केला असता तर चार दिवस तरी घातला असता.

याची उलट बाजूही सांगते, कारण संयमाच्या नावाखाली हल्ली फार धुकं लिहिलं जातं. कोण कोणाचं, काय गमावलं, याचा पत्ताच लागत नाही आणि त्याला सूचकता म्हणतात. मम्मटाच्या त्याच यादीत हाही दोष आहे, विभाव-अनुभाव ओढूनताणून समजून घ्यावे लागणं. भावना दडवा, पण वस्तुस्थिती दडवू नका. बाई कोण, चष्मा कोणाचा, हे लख्ख कळू द्या.

रशियन कथाकार चेखव्हनं 1892 साली लिडिया अविलोवा या लेखिकेला पत्रातून सल्ला दिला होता, की दुःखी माणसं रंगवून वाचकाला हेलावायचं असेल तर स्वतः थोडं थंड राहा. त्यानं दिलेलं कारण मला फार पटतं: त्या थंडपणामुळे दुःखाला पार्श्वभूमी मिळते आणि ते उठून दिसतं. हा थंडपणा लेखणीचा असतो, मनाचा नाही. मनातून ती बाई तुम्हाला अतोनात आवडायला हवी, नाहीतर दोऱ्यानं बांधलेली काडी तुम्हाला सुचणारच नाही.

तेव्हा तुमच्या कथेतला सगळ्यांत हळवा परिच्छेद काढा. त्यातला भावनेचं नाव घेणारा प्रत्येक शब्द खोडा आणि उरलेलं वाचा. काहीच उरलं नसेल, तर त्या परिच्छेदाशी झटापट करत बसू नका. दहा पानं मागे जा आणि तिथे लिहायला लागा.