रेड डॉट, .३२ आणि वागळे इस्टेट: ऐरोलीच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऐरोलीहून आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकेत कमरेला लावायच्या छोट्या पिस्तुलावरही आता रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन) असतो, '.३२ बोअरच्या पिस्तुलावर साध्या साइटच (नेम धरायच्या खुणा) ठेवा' हा माझा सल्ला जुनाट आहे, आणि वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या कारखान्यांत कुठल्याही सीएनसीवर (संगणकाने चालणारं कटाई यंत्र) डॉट बसवायला स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) कापून घेणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गाडं या शेवटच्या मुद्द्यावरच अडतं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राचं रूपांतर आणि दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. जॉबवर्कवाल्याकडे तो नसतो. त्याच्या हाती पिस्तूल सोपवलंत तर तोही अडकतो आणि तुमचा परवानाही धोक्यात येतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी यंत्र ऐकत नाही. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं .३२ पिस्तूल बहुधा ब्लोबॅक असतं. त्यात नळी लॉक होत नाही. दाब उतरेपर्यंत केस (काडतुसाचं नळकांडं) चेंबरमध्ये धरून ठेवतं ते स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग. धातू काढला की स्लाइड हलकी होते, लवकर आणि जोरात मागे येते, फ्रेमवर आदळते. उलट न कापता वर जड पट्टी आणि डॉट चढवला, तर .३२ च्या बेताच्या जोरात स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी केस दारातच अडकते. शिवाय फायरिंग पिनच्या वरची भिंत मुळातच पातळ असते. खाच घ्यायला तिथे जागा नाही. अमेरिकेतली ती पिस्तुलं ९ एमएमची, लॉक होणाऱ्या नळीची आणि कारखान्यातूनच खाच घेऊन आलेली असतात. ९ एमएम आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध बोअर आहे, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

डॉट फालतू आहे असं मात्र मी म्हटलेलं नाही. चाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसते. डॉटमध्ये नजर लक्ष्यावरच राहते, हा मोठा फायदा. पण दृष्टिवैषम्य असेल तर ठिपका फाटल्यासारखा दिसतो. डॉटचा मोबाइलने फोटो काढा. फोटोत तो गोल असेल तर दोष डोळ्याचा.

ज्यांचं पिस्तूल खाचेसकट आलंय, त्यांच्यासाठी. स्क्रूची लांबी आधी तपासा. काही ग्लॉक पिस्तुलांत उजवीकडचा लांब स्क्रू एक्स्ट्रॅक्टरच्या (केस ओढणाऱ्या आकड्याच्या) प्लंजरवर दाबतो आणि केस नीट ओढली जात नाही. भोकांतलं तेल पुसून काढा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) थेंबभर लावा. टॉर्क (आवळायचा जोर) उत्पादकाने सांगितलेला. बहुधा १२ ते १५ इंच-पाउंड, म्हणजे १.४ ते १.७ न्यूटन-मीटर. एल-कीच्या अंदाजाने आवळाल तर बारीक स्क्रूचं डोकं तुटेल. स्क्रू आणि बॉडीवर मिळून रंगाची एक रेघ ओढा; ढिला झाला की लगेच दिसतो.

झीरो (ठिपका आणि गोळी एका जागी जुळवणं) १५ मीटरवर करा. १ एमओएचा (अंशाचा साठावा भाग) क्लिक तिथे साधारण ४.४ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे ५ सेंटिमीटर डावीकडे पडणाऱ्या गटाला उजवीकडे ११-१२ क्लिक. डॉट नळीच्या सुमारे २.५ सेंटिमीटर वर असल्याने ३ मीटरवर गोळी जवळजवळ २ सेंटिमीटर खाली लागेल. तिथे साइट फिरवत बसू नका. बॅटरी खालून घालायची असेल, तर बदलल्यावर झीरो पुन्हा तपासा.

पिस्तूल वर आणल्यावर डॉट काचेत सापडत नाही, ही सगळ्यांचीच तक्रार. बहुतेक वेळा नळीचं तोंड वर गेलेलं असतं. रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, काचेच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावून सराव करा. दोन्ही डोळे उघडे ठेवले नाहीत तर लक्ष्य दिसणारच नाही.

आणि एक, आपल्या पावसाळ्याचं. एसी गाडीतून घोडबंदर रोडवर उतरलात की थंड काचेवर बाहेरून वाफ धरते. उघड्या एमिटरवर (ठिपक्याचा प्रकाश टाकणाऱ्या दिव्यावर) घामाचा एक थेंब पडला तरी डॉट फाकतो. बंद एमिटरचा डॉट घेतला तर दुसरी अडचण जाते, पहिली राहते. म्हणून राखीव साध्या साइट काचेतून दिसतील एवढ्या उंच हव्यातच.

बाकी, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल स्पर्धांत उतरायचा विचार असेल, तर डॉटचा खर्च करू नका. तिथे ऑप्टिकल साइट चालत नाही.