मेला कोण होता?

नवतप्याच्या दिवसांत, पारा ४५ अंशांवर ठाण मांडून बसलेला असताना, नागपूरच्या घरात ‘सीआयडी’चा एक भाग अथपासून इतिपर्यंत समजून घेणे किती अवघड आहे, हे मुंबईत खुनांचा उलगडा करणाऱ्या एसीपी प्रद्युम्न यांना कधीच कळणार नाही. त्यांच्या पाठीशी कूलर नसतो. आमच्या प्रतापनगरातल्या बैठकीत तो आहे, पत्र्याचा, अर्धी खिडकी व्यापणारा, आणि सुरू झाला की आपण पिठाच्या गिरणीत बसून मालिका पाहत आहोत असे वाटते.

ही मालिका १९९८ साली सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. २०१८ साली ती थांबली, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा अवतरली. पण एवढ्या वर्षांत उन्हाळ्यातल्या एकाही खुनाचा छडा माझ्यापर्यंत पोहोचलेला नाही. २००४ मध्ये या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा न थांबवता एका दमात चित्रित केला होता. आम्हाला अकरा मिनिटे एका दमात पाहता येत नाहीत.

परवा एका बंगल्यात खून झाला. दयाने दार तोडेपर्यंत सर्व सुरळीत होते, कारण दार तुटल्याचा आवाज कूलरलाही दाबता येत नाही. पुढे डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत काही महत्त्वाचे सांगू लागले, तेवढ्यात आजीने विचारले, “काय म्हणून राहिला रे तो?” एसीपी साकारणारा शिवाजी साटम आपला मराठी माणूस म्हणून आजी ही मालिका निष्ठेने पाहते, परंतु तिला ऐकू कमी येते, त्यामुळे साळुंख्यांचे एक वाक्य तिच्या कानात ओरडून सांगेपर्यंत त्यांची पुढची तीन निसटली. “विष, आजी, विष!” एवढेच मला सांगता आले. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकावून, घरी सगळे बरे आहे ना, अशी चौकशी केली.

बाबांना मात्र काही ऐकण्याची गरज पडत नाही. ते कोर्टातून लिपिक म्हणून निवृत्त झाले असून, जो न मागता पाणी आणून देतो तोच खुनी, या सिद्धांतावर त्यांचा पहिल्याच पाच मिनिटांत निकाल लागलेला असतो. “जावई,” ते म्हणाले आणि निवांत पाय पसरून बसले.

शेवटी एसीपींची बोटे हवेत फिरू लागली, सगळे संशयित ओळीने उभे राहिले आणि नेमका त्याच क्षणी कूलर गरम वारा फेकू लागला. टाकी आटली होती. मी पाइप लावायला मागच्या अंगणात धावलो. टिल्लू पंपाने आधी बराच वेळ नुसती हवा सोडली, मग एक पिचकारी माझ्या सदऱ्यावर मारली आणि त्यानंतर कुठे पाण्याला धार आली. परतलो तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात होती.

“कोण निघाला?” मी विचारले.

खरा तपास येथून सुरू झाला. बाबा म्हणाले, “जावई. मी सांगितलंच होतं.” बायकोच्या मते जावयाला सोडून दिले होते आणि पकडली होती ती नर्स. मुलाने मोबाइलमधून मान न काढता “दोघंही” असा निवाडा दिला. साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन विचारावे म्हटले, तर कूलर एकाच खोलीत असल्याने कोणी उठेना. उरली आजी, जिने पूर्ण वेळ पडद्यावरची नजर काढली नव्हती. मी तिच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो, “आजी, खून कोणी केला?”

“ते राहू दे बाप्पा,” आजी म्हणाली. “मेला कोण होता?”