ग्रंथसंग्राहक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

ज्यांच्या घरी विकत घेतलेल्या पुस्तकांनी वाचलेल्या पुस्तकांना केव्हाच मागे टाकले आहे, आणि तरीही ज्यांचे मन येत्या रविवारच्या ग्रंथप्रदर्शनाकडे ओढ घेत आहे, अशा सुजाण मंडळींसाठी हा लेख आहे. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की नुकताच या पंथातील एका सिद्धपुरुषाच्या दिवाणखान्यात तास-दीड तास बसण्याचा योग आला. त्यांच्याविषयी पुढे सांगेनच. आधी साधनेची प्राथमिक अंगे पाहू.

पुस्तक नेहमी सवलत पाहून घ्यावे, विषय पाहून घेऊ नये. या बाबतीत प्रकाशनपूर्व सवलतीसारखी दुसरी सोय नाही. पाच खंडांचा संच निम्म्या किमतीत मिळणार आहे असे वाचल्यावर त्या विषयात आपल्याला तिळमात्र तरी रस आहे का, असा कुत्सित प्रश्न मनाला शिवू देऊ नये आणि तातडीने पैसे भरून मोकळे व्हावे. संच छापून यायला बहुधा वर्ष-दोन वर्षे जातात, क्वचित त्याहूनही अधिक, आणि या योजनेची खरी गोडी त्यातच आहे. कारण तेवढा काळ आपण त्या ग्रंथाचे मालकही असतो आणि तो न वाचल्याचा दोषही आपल्याकडे येत नाही. संच आला की तो वरच्या कप्प्यात ठेवावा, कारण खालच्या कप्प्यात मागच्या सवलतीतला संच असतो.

इंग्रजी पुस्तकांच्या विक्रीत हल्ली रिकामा खोका विकत घेऊन त्यात मावतील तेवढी पुस्तके भरण्याची पद्धत निघाली आहे. तेथे लेखकाचे नाव पाहण्यात वेळ दवडू नये. पुस्तकाची जाडी पाहावी. खोक्याचे झाकण बसेना म्हणून एका गृहस्थांनी कोपऱ्यातली जाडजूड कादंबरी उपसून काढली आणि तिच्या जागी पाककृतींची दोन सडपातळ पुस्तके उभी सरकवली, हे मी स्वतः पाहिले आहे. झाकण बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते पुस्तक वाचून संपवणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी क्वचितच पाहिले असेल.

साहित्य संमेलन चुकवू नये. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले, तेव्हा मंडळी ग्रंथनिर्मितीची चिंता करण्यासाठी जमली होती. आता ग्रंथ इतके निर्माण झाले आहेत, की परिसंवादाच्या मांडवात वक्ते खुर्च्यांना उद्देशून बोलत असतात आणि शेजारच्या ग्रंथप्रदर्शनात पाय ठेवायला जागा नसते. संमेलन आटोपल्यावर किती रकमेची पुस्तके विकली गेली, याची बातमी आवर्जून छापून येते. त्यांतली किती उघडली गेली, याची बातमी मागच्या वर्षी आली नव्हती आणि पुढच्या वर्षीही येणार नाही, त्यामुळे निर्धास्त असावे.

घरी येताच पुस्तके पलंगावर पसरून त्यांचे छायाचित्र काढावे आणि 'आजची खरेदी' असे लिहून ते सर्व परिचितांना पाठवावे.

आकडेमोड कटाक्षाने टाळावी. महिन्याला दोन पुस्तके या वेगाने वर्षाला २४ आणि ३० वर्षांत ७२० पुस्तके होतात, असल्या हिशेबाने आजवर कोणाचेही भले झालेले नाही.

दिवाळी अंकांबाबत परंपरेचा मान राखावा. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. वसुबारसेच्या आधी संच आणावा, भाऊबीजेपर्यंत अनुक्रमणिका चाळाव्यात, शिमग्याला एखाद्या अंकाचे संपादकीय वाचावे आणि गणपतीच्या आवराआवरीत सगळा गठ्ठा माळ्यावर टाकावा.

पावसाळ्याची धास्ती घेऊ नये. पुस्तकावरचे प्लॅस्टिकचे वेष्टण मुळीच काढू नये, म्हणजे धूळ बसत नाही; आत दमट हवा कोंडून पानांवर तांबूस डाग पडतात आणि बुरशी धरते हे खरे, परंतु आपण ते पुस्तक उघडणारच नसल्यामुळे त्याचे वाईट वाटण्याचा प्रसंग येत नाही.

आता सर्वांत अवघड प्रसंग. घरी आलेला एखादा भोचक पाहुणा कपाटाकडे पाहून विचारतोच, "एवढी सगळी वाचलीत?" अशा वेळी गडबडून न जाता थोरामोठ्यांना पुढे करावे. दादरच्या हिंदू कॉलनीतले 'राजगृह' बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रंथांसाठीच बांधले, असे म्हणावे. तेवढ्याने भागले नाही तर इटलीचे कादंबरीकार व विचारवंत उंबेर्तो एको यांच्याकडे तीस हजारांच्या घरात पुस्तके होती आणि न वाचलेली पुस्तकेच खरी मोलाची असतात, असे ठणकावून सांगावे. पाहुणा गप्प होतो. बाबासाहेब हातात पेन्सिल घेऊन, ओळी अधोरेखित करीत रात्र रात्र वाचत असत, त्या वाचनातून या देशाला काय मिळाले हे सर्वांना माहीत आहे, आणि एकोंनी त्या तीस हजारांच्या आधारावर आयुष्यभर लिहिले, ही माहिती पाहुण्याला असण्याची शक्यता कमी. असलीच तर चहा ठेवायला आत निघून जावे. थोरांच्या नावामागे लपताना निदान थोडी लाज बाळगावी असे मला वाटते, पण सूचना देण्याच्या ओघात असे काही म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून पुढे जाऊ.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की पुस्तक कधीही कोणाला वाचायला देऊ नये.

या सूचनेचे मर्म मला उपरोल्लेखित सिद्धपुरुषांच्या घरी कळले. मला एका लेखासाठी कोकणातल्या जात्यावरच्या ओव्यांचा एक जुना संग्रह हवा होता. प्रकाशन संस्था केव्हाच बंद पडलेली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत चौकशी केली, तर काउंटरवरच्या मुलाने ते नाव एखाद्या परग्रहावरचे असावे अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. मुंबईत फाउंटनच्या पदपथावरही काही हाती लागले नाही. प्रकाशित झालेल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४ चा, त्यानुसार मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयाकडे प्रत जाते; पण हा संग्रह त्या कायद्याच्या आधीचा. अखेर एका स्नेह्याने सांगितले, की अमुक एका गृहस्थांकडे ते पुस्तक नक्की आहे. फोन केला, वेळ ठरली, गेलो.

स्वागत उत्तम झाले. भिंतभर कपाटे, काचेची दारे, आत मंद दिवे. पोह्यांचा चिवडा आणि चहा. पुस्तकांची सारी नोंद संगणकावर होती आणि ती त्यांनी मोठ्या कौतुकाने दाखवली: ग्रंथाचे नाव, लेखक, आवृत्ती, खरेदीची तारीख, विक्रेता, किंमत, कपाट क्रमांक, कप्पा क्रमांक. वाचले की नाही यासाठी रकाना नव्हता, आणि त्यांची शिस्त पाहता तो राहून गेला असेल असे वाटत नाही. मग त्यांनी तो संग्रह काढला. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने घातलेली पारदर्शक पिशवी आणि तिला टाचलेली किमतीची चिठ्ठी तशीच होती. "बांधणी नाजूक आहे हं," असे म्हणत त्यांनी स्वतःच पिन सोडवली आणि पहिल्या पानावरचा जांभळा गोल शिक्का मला अभिमानाने दाखवला. "वाचनालयाची प्रत आहे, म्हणजे बघा, अस्सल जुनी!"

शिक्का एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा होता. मागच्या पुठ्ठ्याच्या आत देवघेवीची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर तारखांच्या शिक्क्यांची एकाखाली एक रांग होती. चिठ्ठी भरल्यावर तिच्यावर दुसरी डकवलेली, तीही अर्ध्यापर्यंत भरलेली. म्हणजे त्या गावात कोणी कोणी हे पुस्तक पिशवीत घालून घरी नेले होते, ओव्या वाचल्या होत्या, कदाचित कोणा आजीला वाचून दाखवल्या होत्या, मुदतीत परत आणून दिले होते आणि ते पुढच्याच्या हाती गेले होते. पुढे कधीतरी जागा नाही म्हणून किंवा जीर्ण झाले म्हणून ते रद्दीत निघाले, फिरत फिरत विक्रेत्याकडे आले आणि तेथून या काचेमागे. एवढी वर्षे दहा घरांत वावरलेल्या पुस्तकाला शेवटी जो घरधनी भेटला त्याने ते उघडले ते शिक्का दाखवण्यापुरते!

मी विचारले, "आठवडाभरासाठी नेऊ का? हवी तर अनामत ठेवतो."

"दिलं असतं हो," ते म्हणाले, "पण मला अजून वाचायचंय ना."

मग येथेच बसून दहा-बारा पानांची छायाचित्रे घेतो, असे सुचवून पाहिले. "पुढच्या वेळी निवांत या," असे म्हणत त्यांनी पुस्तक पिशवीत घातले आणि पिन होती तेथेच पुन्हा टोचली.

तमिळनाडूत जन्मलेले आणि जगभरच्या ग्रंथपालांनी गुरू मानलेले डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला पहिला सिद्धांत एवढाच, की ग्रंथ उपयोगासाठी असतात. तिसरा असा, की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. इतकी उघड गोष्ट सिद्धांत म्हणून लिहून ठेवण्याची गरज त्यांना का भासली असावी, असा प्रश्न मला विद्यार्थिदशेत पडला होता. आता पडत नाही.

मराठी पुस्तकाची आवृत्ती कितीची निघते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा राग समजेल. हजार प्रती म्हणजे डोक्यावरून पाणी. अनेकदा पाचशेच, अलीकडे त्याहूनही कमी. ती संपली की पुनर्मुद्रण होईलच असे नाही. त्या पाचशेंपैकी काही वाळवी खाते, काही रद्दीत जातात, आणि उरलेल्यांतल्या शे-दोनशे प्रती जर अशा कपाटांत 'अजून वाचायचंय' या सबबीवर डांबून ठेवल्या, तर ज्याला ते पुस्तक खरोखर हवे आहे त्याच्या दृष्टीने ते छापलेच गेले नव्हते असे म्हणायला काय हरकत आहे? इंग्रजी कादंबरीच्या लाखो प्रती जगात असतात, तुमच्या खोक्यातल्या पाचांनी कोणाचे काही अडत नाही. येथे अडते.

आणि हे त्या प्रांतात, जेथे रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून आहे, पुण्याचे १८४८ पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून. माणसांनी वर्गण्या काढून, पुस्तके मागून आणून या संस्था उभ्या केल्या, कारण एकट्याच्या खिशाला झेपत नाही ते दहा जणांच्या खिशाला झेपते हे त्यांना कळत होते. १९६७ मध्ये राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही केला. आज त्याच कायद्याखालच्या, सर्वांत खालच्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयातला कर्मचारी तुटपुंज्या अनुदानाची वाट पाहत पंख्याखाली बसलेला असतो आणि त्याच्या समोरून तुम्ही खोका घेऊन रिक्षात बसता. त्या खोक्याच्या किमतीत तेथे कित्येक महिन्यांची वर्गणी निघाली असती.

नवे पुस्तक विकत घेऊ नका असे मी म्हणत नाही. घ्या, जरूर घ्या, मराठी लेखकाला नाहीतरी दुसरे कोण जगवणार? पण घेतले की प्लॅस्टिक फाडा. वर्षभर ठेवा, दोन वर्षे ठेवा. त्यानंतरही पहिले प्रकरण ओलांडले नसेल, तर ते तुमच्याकडून होणार नाही हे कबूल करा आणि पुस्तक सोडा. सोडायचे म्हणजे मुलांची जुनी गाइडे आणि फाटकी मासिके पोत्यात भरून वाचनालयाच्या दारात टाकायची नाहीत. त्या बिचाऱ्यांकडे तो कचरा ठेवायला जागा नाही. कपाटातले चांगले पुस्तक काढा, ग्रंथपालाला फोन करा आणि हवे आहे का ते विचारा. तुमच्या पश्चात हे काम तुमची मुले करणार नाहीत. ती फ्लॅट विकण्याच्या घाईत असतील, रद्दीवाला काटा घेऊन येईल आणि ओव्यांचा संग्रह व मागच्या वर्षीची टेलिफोन बिले एकाच भावाने जातील.

आणि एखादे पुस्तक मागायला कोणी दारात आलेच, तर ते त्याला द्या. परत येणार नाही अशी धाकधूक असेल तर वहीत त्याचे नाव लिहा, सही घ्या, अनामत घ्या, पंधरा दिवस उलटले की रोज सकाळी फोन करून त्याला भंडावून सोडा. पण मला अजून वाचायचे आहे, असे त्याला सांगू नका. ते खोटे असते. तुम्हाला ते ठाऊक असते आणि समोर चिवडा खात बसलेल्या माणसालाही.