‘पुंडलिक’ चित्रपटच नव्हता म्हणे!

३ मे आला की ती पोस्ट आमच्या मालवणच्या ग्रुपवर येऊन पडते. मजकूर दरवर्षी तोच. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ हा चित्रपट नव्हताच, पहिला भारतीय चित्रपट म्हणजे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. कॅमेरा एका जागी रोवून नाटक टिपलं, कॅमेरा फिरवणारा इंग्रज, फिल्म धुतली लंडनला, आणि तोरणे तर एकदाच हौस भागवून गप्प बसले. यंदा एका काकांनी खाली विचारलं, “मगे आमचे तोरणे खंय गेले?” कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतो.

तोरणे मालवण तालुक्यातल्या सुकळवाडचे. ‘पुंडलिक’ गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात १८ मे १९१२ ला लागला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच थिएटरात ३ मे १९१३ ला आला. ‘पुंडलिक’ मुळात रंगभूमीवरचं नाटक होतं, हेही खरं. या तारखांबद्दल भांडण नाहीच. भांडण आहे ते ‘चित्रपट नव्हता’ या दोन शब्दांशी.

कॅमेरा एका जागी होता म्हणून चित्रपट नाही, ही कसोटी लावायची तर सगळ्यांना लावा. मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाची ‘चंद्रावरची सफर’ १९०२ ची. तिच्यात कॅमेरा प्रेक्षागृहातल्या मधल्या खुर्चीवर बसल्यासारखा समोरून बघतो, आणि ती जगभर चित्रपटाच्या इतिहासात शिकवतात. १९०८ साली पॅरिसमध्ये कॉमेदी फ्रान्सेझ या नाटकमंडळीचे नट घेऊन ड्यूक दे गीझ या सरदाराच्या खुनावर चित्रपट केला, तो रंगभूमीच्याच थाटाचा. आणि १९१२ मध्येच, म्हणजे ‘पुंडलिक’च्याच वर्षी, सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीने रंगमंचावरची आपली राणी एलिझाबेथ पडद्यावर आणली. अॅडॉल्फ झुकर या निर्मात्याने ती अमेरिकेत दाखवून त्यावर चित्रपटांचा पुढचा मोठा धंदा उभा केला. तिला कोणी ‘नुसतं नाटक’ म्हणून बाहेर काढत नाही. प्रसंगाचे तुकडे पाडायचे, चेहरा जवळून दाखवायचा, मग तुकडे जोडून गोष्ट पुढे न्यायची, हे तंत्र तेव्हा अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथसारख्या मोजक्या लोकांच्या हाती आकार घेत होतं. बाकीच्यांकडे नट डोक्यापासून पायापर्यंत दिसायचा आणि कॅमेरा तिवईवर उभा असायचा. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं उरली आहेत, त्यांतही कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही.

जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगावं लागू नये. आपण एका जागी बसलेलो असतो, तरी नजर राक्षसावरून पेटीवाल्याकडे आणि तिथून शंकासुराकडे आपली आपण फिरते. त्या काळचा प्रेक्षक पडदा तसाच बघत होता.

शिवाय ‘पुंडलिक’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. पोस्ट लिहिणाऱ्याने त्यातलं एकही दृश्य पाहिलेलं नाही, आणि निकाल मात्र ठणकावून दिला आहे.

कॅमेरामन इंग्रज होता. होता, जॉन्सन नावाचा. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ या हिंदी चित्रपटाचा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग, दोघेही जर्मन. तो चित्रपट जर्मन ठरला का?

लंडनच्या मुद्द्यात मात्र थोडं वजन आहे. फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम घरातच, अंधारात, सरस्वतीबाई करत. फिल्म धुणं आणि जोडणंही घरच्या घरीच. लेखनापासून छपाईपर्यंत सगळी साखळी त्यांनी इथे उभी केली, म्हणून भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक तेच, आणि मालवणचा असूनही मला त्यात काडीचा आक्षेप नाही. पण फिल्म बाहेर धुतल्याने फार तर कारखानदारी परावलंबी ठरते. तीन महिने आगबोटीत फिरून आली तरी फिल्म ती फिल्मच.

‘गप्प बसले’ हे मात्र धडधडीत खोटं. तोरणे यांच्या मूव्ही कॅमेरा कंपनीने आणलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर १९३१ चा ‘आलम आरा’, म्हणजे पहिला भारतीय बोलपट, बोलला. त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन काढली आणि १९३२ मध्ये ‘श्यामसुंदर’ केला, त्यात कृष्ण झाला होता शाहू मोडक.

तेव्हा पुढच्या ३ मेला ही पोस्ट पाठवणाऱ्यांना एकच विनंती. ‘चित्रपट नव्हता’ हे शब्द खोडा, तिथे ‘नाटकावरून केलेला चित्रपट’ असं लिहा, आणि खाली सुकळवाडचं नाव घाला.