एकशेतीस, नव्वद, पंधरा

मोटरसायकलचा टायर गोटा झालाय हे मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. पंक्चरवाल्याला ते आधीच माहीत असतं, सोसायटीच्या वॉचमनला माहीत असतं, मागून येणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला माहीत असतं. मलाही ते सिग्नलला एका रिक्षावाल्यानंच सांगितलं. "काका, मागच्या टायरवर जरा नक्षी काढून घ्या," म्हणाला आणि सिग्नल लाल असतानाच निघून गेला. जाता जाता मी त्याचे टायर बघितले. तिन्ही गुळगुळीत. पण सल्ला द्यायला आपला टायर चांगला असावा लागतो, अशी अट पुण्यात नाही.

घरी आल्यावर पार्किंगमध्ये उकिडवा बसलो आणि गाडी वीत वीत पुढे ढकलत चाक तपासलं. टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला की त्याचं अवतारकार्य संपलं. आपला कायदा दुचाकीला खाचेच्या खोलीत ०.८ मिलिमीटरपर्यंत सवलत देतो. माझ्या टायरनं तीही केव्हाच वापरून संपवली होती. त्याहून वाईट म्हणजे टायर फक्त मधोमध झिजला होता. कडांची नक्षी कोरी करकरीत. याचा अर्थ मोटरसायकलवाल्यांना लगेच कळतो: गाडी आयुष्यभर सरळ चालली, वळणावर कधी वाकलीच नाही. आंबोलीच्या घाटात मी गाडी कशी झोपवतो, हे गेली कित्येक वर्षं मी मित्रांना हातवारे करून सांगत आलोय. आता त्याच्या विरुद्धचा पुरावा चाकावर गोल फिरत होता.

गाडी २०१० सालची बजाज ॲव्हेंजर २२०. बुटकी, लांबलचक, पाय पुढे सोडून बसायची. हिनं आम्हाला गोव्याला नेलं, वरंध्यातून कोकणात नेलं, ताम्हिणीच्या धुक्यातून परत आणलं. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे मुंबईला जुन्या रस्त्यानं नेलं आणि त्या निमित्तानं लोणावळ्याची चिक्की दरवेळी खायला घातली. गाडीत काही वाईट नाही. फक्त मागच्या चाकाचं माप १३०/९०-१५.

हे माप नीट वाचा. १३० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या नव्वद टक्के, म्हणजे ११७ मिलिमीटर. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचात. एका मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्यानं ही पद्धत काढली त्याला मेट्रिकवाल्यांना दुखवायचं नव्हतं, इंचवाल्यांनाही दुखवायचं नव्हतं. गिऱ्हाइकाकडे तेवढं लक्ष द्यायचं राहून गेलं. पुढे आणखी ६६पी असं लिहिलेलं असतं. ६६ म्हणजे हा टायर ३०० किलो वजन पेलतो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेग सहन करतो. यातल्या वेगाची काळजी नव्हती. वजनाचा आकडा मात्र दुकानदारानं वाचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "पुरेल" म्हणाला.

हा दुकानदार नाना पेठेतला. पुण्यात दुचाकीचं काहीही हवं असलं की माणूस नाना पेठेत जातो. तिथं तुम्ही अजून मापही सांगितलेलं नसतं आणि समोरचा "आहे" म्हणतो.

"मागचा टायर पाहिजे. पंधराचा."

"कारचा का?"

"नाही, मोटरसायकलचा."

"मोटरसायकलला सतरा येतो. अठरा येतो. सतरा देऊ?"

पायातल्या बुटाला नंबर असतो तसा— असं काहीतरी समजावायला मी तोंड उघडलं होतं, पण मागून कुणीतरी स्प्लेंडरचा टायर मागितला आणि दुकानदाराचा चेहरा उजळला. स्प्लेंडरवाल्याला पाच मिनिटांत टायर, ट्यूब, बिल आणि वर चहा मिळाला. साधी गाडी बाळगणाऱ्या माणसाचं आयुष्य किती सरळ असतं!

तीन दुकानं पालथी घातल्यावर चौथ्यात पंधराचा टायर निघाला, पोटमाळ्यावरून. तिथं मी माझा मुख्य प्रश्न विचारला, जो विचारायला मी घरून निघालो होतो: "टिकेल का हो?"

दुकानदारानं सुस्कारा सोडला. "टिकणारा पाहिजे की धरणारा?"

इथून माझ्या हालअपेष्टांचा खरा अध्याय सुरू झाला. टायर घेताना माणसाला वाटतं की जास्त पैसे दिले की दोन्ही मिळतं. मिळत नाही. शाळेत आपल्याकडे दोन खोडरबरं असायची. एक मऊ, वासाचं. लिहिलेलं झकास खोडायचं आणि सहामाहीच्या आत संपायचं. दुसरं पेन्सिलीच्या ढुंगणाला लावलेलं, दगडासारखं. ते कधीच संपायचं नाही, पण वही फाडायचं. टायरचं रबर याच दोन जातींत येतं. मऊ रबर रस्ता धरतं आणि झिजतं. कडक रबर झिजत नाही, कारण ते रस्त्याशी फारसे संबंधच ठेवत नाही. उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही. आषाढात ताम्हिणीच्या शेवाळलेल्या वळणावर मात्र टिकाऊ टायर तुमच्या आधी दरीकडे बघायला जातो.

"मग मधला मार्ग?"

"आहे ना. मध्ये कडक, कडेला मऊ. सरळ रस्त्याला मधला भाग घासतो, वळणाला कडा धरतात." मग त्यानं माझ्या जुन्या टायरकडे बघितलं. "पण तुम्ही कडा वापरतच नाही. उगाच पैसे कशाला घालवता?"

नाना पेठेत गिऱ्हाइकाचा अपमान करायचे वेगळे पैसे लागत नाहीत.

संध्याकाळी अमृततुल्यावर राइडवाली मंडळी जमली, आणि टायर या विषयावर आपल्या देशात तज्ज्ञांचा अजिबात तुटवडा नाही हे लक्षात आलं. एकानं बटण टायर, म्हणजे रबराच्या जाड गोट्या उठलेला, सुचवला. का, तर तो दिसायला जबरदस्त दिसतो. दुसऱ्यानं नायट्रोजन भरायला सांगितला. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो. म्हणजे उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी मी पैसे मोजायचे. तिसऱ्यानं ट्यूबलेस टाक म्हटलं. मी म्हणालो, माझ्या चाकाला तारा आहेत, स्पोकच्या भोकांतून हवा निघून जाईल. "मग ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाक," तो म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही, असं खरंच करतात, सर्रास करतात. ट्यूब नसलेला टायर विकत घ्यायचा, त्यात ट्यूब घालायची आणि ट्यूबलेस टाकलाय म्हणून सांगत सुटायचं.

चौथा मात्र खरा अभ्यासू. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "कारचा टाक."

"कशाला?"

"पंधरा इंची आहे ना? कारचा टायर मोटरसायकलच्या कितीतरी पट चालतो. अमेरिकेत होंडाच्या थोराड गोल्डविंग मोटरसायकलवाले टाकतात. तिकडे त्यांना डार्कसायडर म्हणतात."

हेही खरं निघालं. लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागे कारचा टायर बसवणारा एक पंथच तिकडे आहे, आणि त्या पंथात जायचं की नाही यावरून सख्खे मित्र एकमेकांशी बोलेनासे होतात. अडचण एवढीच की मोटरसायकलचा टायर आडव्या छेदात गोलसर असतो, कारण गाडी वळताना वाकते. कारचा सपाट असतो, कारण कार वाकत नाही. रिमच्या कडेला टायर जिथं बसतो तिथली घडणही दोन्हींची वेगळी. "पण तू कुठं वाकवतोस?" असं तो म्हणायच्या आत मी चहाचे पैसे देऊन टाकले.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी वही काढली. आमच्याकडे वही निघाली की हिशेब माझ्या विरुद्ध जातो. "अहो, टायर किती किलोमीटरचा हवाय तुम्हाला?"

"तीस हजार तरी चालला पाहिजे."

"आणि वर्षाला गाडी किती चालते?"

दुकानात हाच प्रश्न आला तेव्हा मी "बारा हजार" असं ठणकावलं होतं. पण तिथं ही नव्हती. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या हिच्याकडे फायलीत असतात. हल्ली दीड-दोन हजारांवर गाडी जात नाही, हे तिनं पावत्या न बघताच सांगितलं. "म्हणजे तीस हजार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागणार. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची होती, ती संपली. आता आरटीओत नेऊन पाच वर्षांची मुदत मिळेल. तुमची कंबर त्याच्या आधी जाईल. मग हा टायर कुणासाठी घ्यायचा?" थोडं थांबून म्हणाली, "त्यापेक्षा विकू या ना गाडी." हे वाक्य आमच्या घरात दर पावसाळ्यात उगवतं. मी नेहमीप्रमाणे पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी त्याच चौथ्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन-तीन कंपन्यांचे टायर समोर मांडले. मी निवड करताना गुण बघत नाही, नातं बघतो. सिएट मूळची १९२४ सालची, इटलीतल्या तुरीनची. आता दुचाकीचे टायर नागपूरलाही बनवते, म्हणजे सोयरीक जमण्यासारखी. एमआरएफ १९४६ साली मद्रासमध्ये सुरू झाली ती खेळण्यातले फुगे बनवत, हे ऐकून बरं वाटलं. हवा धरून ठेवण्याचा अनुभव जुना. शिवाय त्यांचा एक कारखाना गोव्यात उसगावला आहे. आपला टायर नेमका तिथला निघाला तर गोव्याच्या ट्रिपला त्याचं माहेरही होईल.

पण मी ऐकून होतो की टायरवर जन्मतारीख असते. बाजूच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी मोबाइलचा टॉर्च लावून शोधू लागलो. दुकानदार बराच वेळ बघत राहिला.

"काय हरवलं?"

"तारीख बघतोय. जुना माल नको."

"टायर आहे साहेब, श्रीखंड नाही."

पण त्याच्या पोऱ्याला हा खेळ आवडला. त्यानं माझ्या गाडीवरच्या जुन्या टायरचेच आकडे शोधून काढले आणि दुकानभर ऐकू जाईल असे वाचले: "तीन एक एक चार!" २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. पोऱ्या तेव्हा बालवाडीत असावा. दुकानदार उठून बाहेर आला, टायरच्या बाजूनं अंगठा फिरवला आणि त्यावरच्या बारीक भेगा मला दाखवल्या. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात, मग ते तडकतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहानंतर वापरूच नका, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. "तुमचा टायर रस्त्यावर नाही मरणार," दुकानदार म्हणाला, "पार्किंगमध्ये मरणार. मग टिकाऊ घेऊन करणार काय? मऊ घ्या, पावसात जिवंत घरी जा."

म्हणजे बायकोचा हिशेब आणि नाना पेठेचा हिशेब, एकमेकांना न भेटता, एकाच उत्तरावर आले होते. मी मऊ घेतला. बिल बघितल्यावर चार्ल्स गुडइयर आठवला. रबरात गंधक घालून तापवलं की ते उन्हाळ्यात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे त्यानं १८३९ साली शोधलं; त्या नादात कर्ज केलं, तुरुंगात गेला आणि १८६० साली कर्जातच वारला. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ साली, आणि तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काडीचा संबंध नाही. रबरापायी माणूस धुऊन निघतो, ही परंपरा जुनी आहे.

टायर बसवायला आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला. तो कोट्टायमचा. देशातलं सगळ्यांत जास्त रबर केरळात पिकतं आणि महाराष्ट्रातली निम्मी पंक्चरंही बहुधा तिकडचीच मंडळी काढतात. आपण फक्त मधल्या मध्ये खिळे पुरवतो. त्यानं दोन पट्ट्या घालून जुना टायर सोलून काढला, आतली ट्यूब दोन बोटांत धरून "ही पण गेली" म्हणाला. नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घालतात, हे तेव्हा कळलं आणि खिशात पुन्हा हात गेला. मग टायरवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेनं आहे का ते बघितलं, टायरची हलकी बाजू दाखवणारा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणला, हवा भरली. "शंभर-दीडशे किलोमीटर हळू. नवा टायर घसरतो."

"मग धरणारा म्हणून घेतला त्याचं काय?"

"धरेल. आधी घासू द्या."

मी गाडी इतक्या हळू घरी आणली की वाटेत दोन सायकलवाल्यांनी सहानुभूतीनं बघितलं. सौभाग्यवती खाली पार्किंगमध्येच उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी चाकाभोवती एक चक्कर मारली, नक्षीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान दिसतोय. एकदम नवा."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्या गाडीचं हे पहिलं कौतुक.

"जरा बाजूला व्हा बघू," त्या म्हणाल्या आणि मोबाइल काढून फोटो घेऊ लागल्या. एक समोरून, एक उजवीकडून, आणि मागच्या चाकाचे जवळून तीन. "आता कशी, चांगली किंमत येईल. जाहिरातीत सगळ्यात वर लिहायचं: टायर नवा."