करारांपेक्षा माणसं पाठवा

आशियाई शहरांनी एकमेकांकडून शिकावं, यावरच्या तुमच्या लेखात त्यांच्या परिषदा आणि करारांबद्दल बरंच आहे, पण इंडोनेशियातलं बांदा आचे आणि जपानमधलं हिगाशीमात्सुशिमा यांचा उल्लेख हवा होता. एकाला २००४ च्या त्सुनामीने धुऊन नेलं, दुसऱ्याला २०११ च्या. आचेच्या पालिकेतली माणसं हिगाशीमात्सुशिमात राहून काम शिकली. तिथे ढिगाऱ्यातलं लाकूड, लोखंड, काँक्रीट लोकांनी चक्क हातांनी निवडून वेगळं केलं, बहुतेक सगळं पुन्हा वापरात आणलं. आणि ही मजुरी मिळाली कोणाला? लाटेत रोजगार गेलेल्या स्थानिकांनाच! आपल्या किनाऱ्यावरच्या पालिकांनीही तरुण अभियंते असे पाठवावेत, अगदी मनापासून वाटतं.