मेजर, मायनर आणि आमचा न जुळलेला बिंदू

आज भाचीला घेऊन कॉलेजच्या काउंटरवर अडीच तास उभी होते. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

पोरीला भूगोल घ्यायचाय. मेजर म्हणजे मुख्य विषय भूगोल, मायनर म्हणजे जोडविषय मराठी, एवढं साधं. पुढ्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा कागद आला: मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. मी म्हटलं, "मॅडम, हे विषय आहेत की बँकेचे आयएफएससी कोड?" बाई हसल्यासुद्धा नाहीत. "मराठी मायनरला नाही, बास्केटमध्ये, म्हणजे निवडायच्या विषयांच्या यादीत, नाहीये. अर्थशास्त्र घ्या." का, तर तिकडच्या सरांचे तास भरत नाहीत. हे बाई नाही बोलल्या, शिपाईमामांनी हळूच सांगितलं. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे कागदावरचं ते ओई, आपल्या आवडीने निवडायचा विषय, दुसऱ्याच विद्याशाखेचा हवा असा नियम आहे आणि तिथे कॉमर्सचा एकच पेपर शिल्लक. नाव काय, तर ओपन!

घरी आलो तर अण्णा विचारतात, "मायनर म्हणजे अज्ञान ना? सातबाऱ्यावर लिहितात तसं, अ.पा.क.?" म्हटलं, हो अण्णा, तसंच. फक्त इथे पालनकर्ता कोण ते कळत नाही.

आमच्या वेळी मेजर हा शब्दच नव्हता. 'स्पेशल' होतं. एफ.वाय.ला सगळं थोडं थोडं, एस.वाय.ला एस-वन, एस-टू, टी.वाय.ला एस-थ्री, एस-फोर. लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारायचे, "स्पेशल काय घेतलंस?" मी भूगोल स्पेशल. वर्गात आम्ही नऊ जण.

एस.वाय.ला प्लेन टेबल सर्व्हे होता, म्हणजे तिपाईवरच्या टेबलावर कागद लावून जागेवरच नकाशा काढायचा. कॉलेजचं मैदान, कडेची विहीर, जिमखाना, असे फिरत फिरत पहिल्या ठिकाणी परत यायचं. कागदावरचा शेवटचा बिंदू पहिल्यावर बसला पाहिजे. आमचा बसेना. मी आणि माझी मैत्रीण एका टेबलावर. सरांनी कागद बघितला, काही न बोलता टाचण्या काढल्या आणि शीट फाडली. पुन्हा. मार्चचं ऊन. दुसऱ्यांदाही फाडली. तिसऱ्या वेळी मैत्रीण रडायला लागली, तर सर म्हणाले, "रड, पण आधी बुडबुडा मध्ये आण." टेबल सपाट आहे का ते दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा.

आता शिकणं क्रेडिटांत मोजतात. हिशोब असा की थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे तीस. त्या तीन शीटांचे किती झाले असते कोण जाणे. आम्ही तर वेळापत्रकाबाहेर, रविवारी गेलो होतो.

बरं, एक कबूल करते, नाइलाजाने. ती मैत्रीण टी.वाय.ला आलीच नाही. मे महिन्यात लग्न झालं. दोन वर्षं शिकली, हातात काय? बारावीचं सर्टिफिकेट. आज कॉलेजात असती तर एका वर्षाचं सर्टिफिकेट, दोन वर्षांचा डिप्लोमा, ऐंशी-अठ्ठ्याऐंशी क्रेडिटं तिच्या नावावर, आणि मनात आलं तर परत यायचीही सोय. हे चांगलंच आहे. हे आमच्या वेळी असतं तर... जाऊ दे.

पण त्याला नाव काय दिलंय? 'एक्झिट'. पोरीला एस.वाय.नंतर मांडवात उभी करतात, आणि कागदावर ती स्वतःहून दार उघडून बाहेर पडली! आणि पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट हवं असेल तर चार क्रेडिटांचा व्यवसाय कोर्स उन्हाळ्यात करायचा. कधी? हळद लावून झाल्यावर?

चौथ्या वर्षाचंही ऐका. संशोधनासह ऑनर्स, म्हणजे चार वर्षांची पदवी, हवी तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के हवेत. मला ५८ होते. सरांनी शीट फाडली नसती तर तेवढेही पडले नसते.

भारतीय ज्ञानप्रणाली, संविधान, पर्यावरण, सगळं शिकवा हो. वाईट कोण म्हणतंय? दोन-दोन क्रेडिटांचे घास भरवा. पण मुलीने एका विषयाशी भांडायचं कधी? तो विषय आपला कधी होणार? आमचं शिकणं अरुंद होतं, मान्य. मला बी.ए. होईपर्यंत बॅलन्स शीट कशाशी खातात माहीत नव्हतं. पण टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, हातात दिली की अजूनही कुठे ओढा असेल ते सांगते.

भाची आत्ता शेजारी बसलीय. म्हणते, "मावशी, घेते मी अर्थशास्त्र, तू नको चिडू." त्या 'नको चिडू'नेच जास्त वाईट वाटलं.

उद्या अकराला पुन्हा जाणार आहोत, विषयबदलाचा अर्ज घेऊन. शिपाईमामा म्हणालेत, आधी मराठीच्या मॅडमना गाठा.

आणि आमच्या नऊ जणांपैकी कोणी हे वाचत असेल तर खाली लिहा, ती चूक नेमकी कुठे होत होती? मी अजून म्हणते, जिमखान्याच्या कोपऱ्यावर. मैत्रीण म्हणायची, विहिरीपाशी.